तेराव्यानंतर कोण येतं?

आमच्या मजल्यावरच्या वहिनी रोज पहाटे साडेपाचला नवऱ्याचा डबा भरतात. खालच्या पुडात भाजी, मधल्या पुडात चार पोळ्या, वरच्या पुडात चटणी नाहीतर लोणचं. कडी लावून डबा पिशवीत जातो आणि पिशवी दाराजवळच्या चपलांच्या कपाटावर. नवरा तिथूनच उचलून लोकल गाठायला धावायचा. त्याला जाऊन दोन वर्षं आठ महिने झाले. अन्न टाकवत नाही म्हणून नववीतली मुलगी रात्री तो डबा गुपचूप खाते. वहिनींची नोकरी सुटली आहे, माहेरी जाणं थांबलं आहे. दार वाजवलं तर साखळी न काढताच बोलतात. नवरा परत येणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. "हात थांबत नाहीत हो," एवढंच त्या मला एकदा म्हणाल्या.

त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून सांगते आहे. पण मला पडलेला प्रश्न तसाच आहे: याला प्रेम म्हणायचं, की आजार? भाईंदर पूर्वेच्या इंद्रलोकमधल्या आमच्याच सोसायटीत या प्रश्नाची दोन उत्तरं राहतात. तीस वर्षं दिवसकार्यं करणारे गुरुजी तळमजल्यावर, आणि मानसोपचारतज्ज्ञ असलेल्या डॉक्टर शेजारच्या विंगमध्ये. पितृपक्षातल्या एका संध्याकाळी गुरुजी शेवटचं श्राद्ध आटोपून आले, डॉक्टर दवाखान्यातून आल्या, आणि मी दोघांना आवारातल्या बाकावर बसवून घेतलं.

डॉक्टर : ताई, घरी जाऊन बोलल्याशिवाय मी निदान करणार नाही. पण तुम्ही सांगता त्यावरून एक नाव मनात येतं: लांबलेल्या शोकाचा विकार.

गुरुजी : विकार? अहो डॉक्टर, बाई नवऱ्याला विसरली नाही, हा विकार? घाटावर पिंडासमोर ढसाढसा रडणारे मी पाहिलेत आणि तिथेच उभे राहून फ्लॅट कोणाच्या नावावर होणार याची बोलणी करणारेही पाहिलेत. आजारी कोण म्हणून विचाराल, तर मी दुसऱ्यांकडे बोट दाखवीन.

डॉक्टर : विसरावं अशी अपेक्षा कोणीच करत नाही, गुरुजी. रडणं, स्वप्नात दिसणं, सणावाराला गलबलून येणं हे आयुष्यभर चालतं, आणि त्याला कोणी आजार म्हणत नाही. आम्ही बघतो ते वेगळं. गेलेल्या माणसाची ओढ रोज, जवळजवळ दिवसभर, आणि तीही अशी की बाकी काही सुचू नये. त्याच्या जोडीला 'माझाच एक भाग गेला' असं वाटणं, मृत्यू खराच न वाटणं, आठवण येईल अशा जागा टाळणं, मन बधिर होणं, जगण्यात अर्थ न उरणं, माणसांत परतता न येणं, भयंकर एकटेपण. अमेरिकी मानसोपचार संघटनेने मार्च 2022 मध्ये आपल्या नियमावलीत हे निदान घातलं. त्यांच्या यादीत अशी आठ लक्षणं आहेत. त्यातली किमान तीन हवीत, मोठ्या माणसाच्या बाबतीत मृत्यूला किमान वर्ष उलटलेलं हवं, आणि या सगळ्यामुळे रोजचं जगणं अडलेलं हवं.

गुरुजी : वर्ष कोणी ठरवलं?

डॉक्टर : समिती बसून ठरवते. तुमची शंका रास्त आहे, कारण या मुदतींचा इतिहास काही फार चांगला नाही. जवळचं माणूस गेल्यावर आलेल्या उदासीला लगेच नैराश्याचा आजार म्हणू नये, अशी सूट त्याच संघटनेने 1980 मध्ये ठेवली होती. 1994 मध्ये त्या सुटीला दोन महिन्यांची मर्यादा आली. 2013 मध्ये तर सूटच काढून टाकली. म्हणजे दोन आठवड्यांनंतरही नैराश्याचं निदान करता येऊ लागलं.

गुरुजी : दोन आठवडे! आमच्याकडे तेव्हा निधनशांतसुद्धा नुकतीच झालेली असते.

डॉक्टर : त्यावर आमच्यातूनच मोठा आवाज उठला. आर्थर क्लाइनमन हे हार्वर्डचे मानसोपचारतज्ज्ञ. त्यांची पत्नी 2011 मध्ये गेली. 2012 मध्ये त्यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःच्या दुःखाबद्दल लिहिलं आणि साध्या शोकावर आजाराचा शिक्का मारण्याला विरोध केला. एका अर्थी ते तुमच्याच बाजूचे.

गुरुजी : मग हे नवं निदान म्हणजे त्याच वाटेवरचं पुढचं पाऊल नाही का?

डॉक्टर : भीती मलाही वाटते. पण हे निदान मुदत पुन्हा लांबवतं. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची अकरावी यादी 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली, त्यातही हा विकार आहे. तिथे मुदत सहा महिन्यांची असली तरी एक अट आहे: त्या माणसाच्या समाजात, धर्मात, संस्कृतीत जेवढा शोक अपेक्षित असतो, त्याच्या स्पष्टपणे पुढे गेलेला असला पाहिजे.

गुरुजी : आता मुद्द्यावर आलात. आमचा हिशेब ऐका. दहा दिवस अश्म्यावर तेल आणि पाणी. दहाव्याला पिंड. बाराव्याला सपिंडी. पुढे दर महिन्याला मासिक श्राद्ध, वर्ष झालं की वर्षश्राद्ध. मूळ शास्त्रात सपिंडीकरणसुद्धा वर्षअखेरीला सांगितलं आहे, बाराव्याचा पर्याय सोयीचा म्हणून रूढ झाला. सपिंडी म्हणजे काय, तर तोवर 'प्रेत' असलेला जीव पितरांत जाऊन बसतो. त्याला नवी जागा मिळते. तुमची समिती 2022 मध्ये ज्या वर्षावर आली, तिथे आमचे लोक कधीच येऊन थांबले होते.

डॉक्टर : हे मला फार महत्त्वाचं वाटतं. गेलेल्या माणसाशी नातं तोडल्याशिवाय माणूस सावरत नाही, असं आमच्या क्षेत्रात बरीच वर्षं शिकवलं गेलं. 1996 मध्ये काही अमेरिकी अभ्यासकांनी पुस्तकच काढलं की नातं तुटत नाही, त्याचं रूप बदलतं. तुम्ही म्हणता ती 'नवी जागा' हीच.

गुरुजी : मग वेगळ्या नावाची गरज काय? विधी आहेत की.

डॉक्टर : आहेत कुठे, गुरुजी? इथे इंद्रलोकमध्ये तुम्ही वर्षाला किती मासिक श्राद्धं करता?

गुरुजी : (थोडं थांबून) खरं सांगू? फार थोडी. दहावा, बारावा, तेरावा एकाच दिवसात उरकून द्या म्हणतात, मुलाची रजा संपत येते. व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप येतो, 'कृपया सांत्वनाला येऊ नये.' गिरगावात, परळला चाळीत होतो तेव्हा सुतकाच्या घरी चूल पेटायची नाही, पिठलं-भात शेजारून यायचा. पहिल्या दिवाळीला फराळ करायचा नाही, पण अख्ख्या मजल्यावरून ताटं यायची. तीच माणसं इथे ब्लॉकमध्ये आली आणि दारं लागली. दोष कोणाला द्यायचा? सगळेच पहाटे बाहेर पडतात आणि रात्री परत येतात.

डॉक्टर : म्हणजे मुदत शिल्लक राहिली आणि त्या मुदतीत येणारी माणसं गेली. आता तुमच्या विधींबद्दल एक अवघड प्रश्न विचारते. रागावू नका.

गुरुजी : विचारा.

डॉक्टर : या सगळ्या रचनेत बाईचं काय होतं? पिंड मुलगा देतो. बायकोच्या बांगड्या फोडतात, कुंकू पुसतात, मंगळसूत्र काढतात, आणि पुढे हळदीकुंकवाला बोलावत नाहीत. तिचं वर्षश्राद्ध कधी होतं? तिला नवी जागा कधी मिळते? शोक लांबवण्याची सर्वांत जुनी रीत आपणच घालून दिली होती, आणि तिला आपण धर्म म्हणत होतो. जागतिक यादीतली संस्कृतीची अट या बाबतीत आंधळेपणाने लावली, तर आपल्याकडची कुठलीच विधवा आजारी ठरणार नाही, कारण तिने जन्मभर दुःखी राहावं हीच तर आपली अपेक्षा!

गुरुजी बराच वेळ काही बोलले नाहीत. समोरच्या इमारतीच्या कठड्यावर दुपारच्या काकबळीचं पान पडलेलं होतं, त्यातला भात वाळून गेला होता. तिकडे बघत ते बोलू लागले.

गुरुजी : यावर माझ्याजवळ उत्तर नाही. कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. 4 मे 2022 ला त्या गावाने ठराव केला की विधवांच्या या प्रथा बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनेही सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. मी ते वर्तमानपत्रात वाचलं आणि तेव्हापासून बांगड्या फोडायच्या वेळी 'हे शास्त्रात सक्तीचं नाही' असं स्पष्ट सांगतो. काही घरं ऐकतात. काही घरं दुसरे गुरुजी बघतात.

डॉक्टर : मार्चमध्ये अमेरिकेत निदान आलं आणि मे महिन्यात हेरवाडने ठराव केला. दोन्हीकडे प्रश्न एकच होता: शोकात माणूस कायमचा कोंडला जाऊ नये, यासाठी काय करायचं?

गुरुजी : मान्य. पण आता माझा अवघड प्रश्न घ्या. 2006 सालचा 11 जुलै. संध्याकाळच्या गर्दीत पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये 11 मिनिटांत सात स्फोट. त्यातला एक इथेच, मीरा रोड आणि भाईंदरच्या मध्ये. 180 हून जास्त माणसं गेली. एक जखमी तर नऊ वर्षं बेशुद्धीत राहून जुलै 2015 मध्ये गेला. त्याच्या घरच्यांचं वर्ष कधीपासून मोजणार? 2006 पासून, की 2015 पासून? पुढे ऐका. 2015 मध्ये विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवलं. 21 जुलै 2025 ला उच्च न्यायालयाने त्या बाराही जणांना निर्दोष ठरवलं. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाचा दाखला इतर खटल्यांत द्यायला स्थगिती दिली. 19 वर्षांनंतर आपला माणूस कोणी मारला, ते त्या घरांना कोणी सांगू शकत नाही. उद्या त्यांच्यातली एखादी आई तुमच्याकडे आली, तर तिचा शोक 'लांबला' म्हणाल? तो तिने लांबवला की आपण सगळ्यांनी?

डॉक्टर : आपण लांबवला. निदान लिहिताना याचा विसर पडला, तर ते निदान खोटं. न्याय मिळत नाही म्हणून जळणाऱ्या माणसाला 'तुमच्या मनात बिघाड आहे' असं सांगणं हा अन्याय आहे. घातपात, अपघात, आत्महत्या अशा मृत्यूंनंतर शोक अडकून पडण्याचं प्रमाण खूप वाढतं. नैसर्गिक मृत्यूंनंतर ते साधारण दहात एक असावं, असा अनेक अभ्यास एकत्र करून 2017 मध्ये काढलेला अंदाज आहे. त्यातले बरेचसे अभ्यास पाश्चात्त्य देशांतले आहेत, हेही सांगायला हवं. याचा अर्थ इतकाच की बहुतेक माणसं आपली आपण आणि आपल्या माणसांच्या आधाराने सावरतात. त्यांच्या वाटेला आम्ही जाऊच नये. पण गुरुजी, त्या आईला न्याय मिळेपर्यंत झोपही मिळू नये का? कोर्टाची लढाई कोर्टात चालू दे. रोज रात्री तिच्या छातीत तीच गाडी येऊन थांबते, ती मला थोडी पुढे ढकलता आली, तर मी का ढकलू नये?

गुरुजी : कशी ढकलणार? गोळ्या देऊन?

डॉक्टर : याचं उत्तर अनेकांना नवं वाटतं. नैराश्यावरची गोळी खुद्द शोकावर फारशी चालत नाही. न्यूयॉर्कच्या कॅथरीन शिअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 395 रुग्णांवर केलेला अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. गोळीची जोड दिल्याने शोकात विशेष फरक पडला नाही. सोबतच्या नैराश्याची लक्षणं मात्र, बोलण्याचे उपचार चालू असताना, गोळीने कमी झाली. शोक हलला तो बोलण्याने. साधारण सोळा बैठका असतात. 2005 च्या त्यांच्या आधीच्या अभ्यासात या खास उपचाराने 51 टक्के लोकांना गुण आला, नैराश्यावर वापरल्या जाणाऱ्या आंतरवैयक्तिक मानसोपचाराने 28 टक्क्यांना.

गुरुजी : त्या सोळा बैठकांत करतात काय?

डॉक्टर : मृत्यूची बातमी कळली तो क्षण डोळे मिटून पुन्हा सांगायचा, ध्वनिमुद्रण घरी नेऊन ऐकायचं. टाळलेल्या जागी हळूहळू जायचं. पुढच्या आयुष्यात काय करावंसं वाटतं, ते ठरवायचं. आणि एका बैठकीत गेलेल्या माणसाशी बोलायचं. आपण विचारायचं आणि त्याचं उत्तरही आपणच, त्याच्या आवाजात द्यायचं.

गुरुजी : (एकदम ताठ बसून) अहो, हे तर कावळ्यापुढचं बोलणं!

डॉक्टर : म्हणजे?

गुरुजी : दहाव्याला पिंड ठेवतात आणि कावळा शिवत नाही. घरातला एकेक जण पुढे येतो. 'धाकटीचं शिक्षण मी करीन.' 'आईला मी बघीन.' 'घर विकणार नाही.' आयुष्यात बापासमोर तोंड न उघडलेला मुलगा तिथे हात जोडून मोठ्याने बोलतो. कधी माफी मागतो. मग कावळा शिवतो. नाहीच शिवला तर दर्भाचा कावळा करून शिववतात, माणसाला ताटकळत ठेवत नाहीत. मी तीस वर्षं हे बघतोय, आणि कावळ्यापेक्षा मला त्या बोलणाऱ्यांची तोंडं जास्त आठवतात. बोलून झाल्यावर चेहरा सैल होतो.

डॉक्टर : वहिनी त्या वेळी काय बोलल्या होत्या?

आता दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. मला आठवलं ते मी सांगितलं. वहिनी घाटावर गेल्याच नव्हत्या. त्यांना घरी बसवलं होतं. दिराने पिंड दिले, दिरानेच वचनं दिली. त्यांनी काय बोलायचं होतं, हे कोणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

गुरुजी : (हळू आवाजात) म्हणजे ती बाई रोज पहाटे जे बोलते, ते डब्यात भरून ठेवते.

डॉक्टर : मला असंच वाटतं. म्हणूनच तिला वेडी ठरवायला मी निघालेले नाही.

गुरुजी : पण लोक ठरवतील ना! आपल्याकडे 'ठाण्याला पाठवा' म्हटलं की सगळ्यांना कळतं कुठे ते. 1901 सालापासून ते मनोरुग्णालय तिथे आहे आणि तेव्हापासून ठाणं ही शिवी झाली आहे. 'विकार' हा शब्द सोसायटीत फुटला, तर उद्या त्या पोरीला वर्गातली मुलं काय म्हणतील?

डॉक्टर : म्हणून तो शब्द मी दारात उच्चारणार नाही. तो माझ्या कागदावर राहील. तिथे तो लागतो, कारण नाव असेल तर कोणता उपचार द्यायचा आणि कोणता द्यायचा नाही, हे ठरतं. नाही तर काय होतं, ते मी रोज बघते. कोणी झोपेच्या गोळ्या लिहून देतो आणि त्या वर्षानुवर्षं चालतात. कोणी 'मन रमवा, देवाचं करा' म्हणून घरी पाठवतो. कोणी बाहेरचं बघायला सांगतो. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने आरोग्य विम्यात शरीराच्या आजारांसारखेच मनाचे आजारही धरायला सांगितलं आहे. त्यासाठीही कागदावर नाव लागतं. तरीसुद्धा वहिनींना पहिल्यांदा माझी नाही, तुमची गरज आहे.

गुरुजी : माझी? त्या तर दारसुद्धा उघडत नाहीत.

डॉक्टर : तुम्ही पितृपक्षात आलात म्हटल्यावर उघडतील. श्राद्धाचं विचारा. त्यांच्या हातून पिंड देता येतील का?

गुरुजी : (विचार करून) बायकांनी पिंड दिल्याचे दाखले आहेत. नसते तरी मी दिलेच असते. पण डॉक्टर, तुम्हीही माझ्यासोबत यायचं. आणि एक विचारून ठेवतो. श्राद्ध झालं, बोलणं झालं, तरी उद्या पहाटे डबा भरला गेलाच तर?

डॉक्टर : भरला तर भरला. डबा बंद पाडणं हे माझं ध्येय नाहीच. मी दोनच गोष्टी बघेन. डबा भरणारी बाई स्वतः जेवते का? आणि तिच्या मुलीला ताटात वाढलेलं गरम जेवण मिळतं का? ही उत्तरं 'हो' झाली की डबा राहिला काय आणि गेला काय, तो तिचा नैवेद्य आहे. ती 'नाही' राहिली, तर मात्र मी थांबणार नाही.

गुरुजी : तेवढ्यापुरता मी तुमच्या बाजूचा.

अंधार पडला तेव्हा दोघं उठले. मी मात्र बसून राहिले, कारण त्या तासाभरात मला माझं उत्तर मिळालं होतं, आणि त्यात माझीच चूक दिसत होती. वहिनींचे यजमान गेले तेव्हा मी तेराव्यापर्यंत रोज जात होते. चहा करत होते, आल्यागेल्याचं बघत होते. चौदाव्या दिवशी माझं जाणं थांबलं. मध्ये दोन वर्षं आठ महिने गेले. त्यांचा शोक लांबला हे खरं. माझी भेटही तितकीच लांबली.

शोकाला आजाराचं नाव द्यावं का, यावर माझं मत आता असं झालं आहे. द्यावं, पण जपून, उशिरा, आणि जगणं खरोखर अडलेलं दिसलं तरच. ते नाव कागदावर आल्याने प्रेम कमी ठरत नाही. अडकलेल्या माणसापर्यंत योग्य मदत पोचायला ते उपयोगी पडतं. पण शेजारी, नातलग आणि न्यायव्यवस्था आपापलं काम सोडून बसल्या आणि त्यांनी टाकलेलं ओझं निदानाच्या खात्यावर गेलं, तर तो त्या माणसावर दुसरा आघात ठरेल.

म्हणून तुम्हाला एक विनंती. तुमच्या इमारतीत कोणी गेलं असेल, तर तेराव्याला जाऊन या, आणि कॅलेंडरवर पुढच्या महिन्याची तीच तारीख लिहून ठेवा. त्या दिवशी पुन्हा जा. सहाव्या महिन्यात जा. पहिल्या दिवाळीला ताट घेऊन जा. आणि वर्ष उलटूनही त्या घरातला दिवस सुरूच होत नाही असं दिसलं, तर केंद्र सरकारची 'टेलिमानस' ही मोफत सेवा आहे. 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू असलेल्या या सेवेचा क्रमांक 14416, आणि तिथे मराठीत बोलता येतं. तो क्रमांक चिठ्ठीवर लिहून दाराच्या फटीतून सरकवू नका. शेजारी बसा, आणि फोन लागेपर्यंत थांबा.